सायकल घ्यायची तर आधी दुकान बघा

कर्वेनगरात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. घर वारज्यात. रोज सकाळी पावणेदहाला सायकलवर निघते, कॅरिअरला कापडाची पिशवी बांधलेली असते, आणि दहा-सव्वादहाला शटर वर करते. सायकल दिवसभर दुकानाबाहेर उभी असते. त्यामुळे माप द्यायला आलेली दर तिसरी बाई विचारते, “ताई, कुठून घेतलीत? केवढ्याला पडली? मला चालेल का हो?” तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कुठल्या कंपनीची, केवढ्याची, हे नंतर. मला चालेल का, हे जो दुकानदार तुमच्याबरोबर बसून ठरवेल, तो आधी शोधायचा. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सहा वर्षांपूर्वी मी हे उलट केलं होतं. एका मोठ्या दालनात ऑफर लागली होती. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, २१ गिअर, मोरपंखी रंग. तिथल्या मुलाने माझी उंची विचारली नाही, रस्ता विचारला नाही. “मॅडम, शेवटचाच पीस आहे,” एवढं म्हणाला आणि मी कार्ड काढलं. ती सायकल १८ किलोची होती. चढावर पायडल दाबलं की शॉकअप आधी खाली बसायचे, म्हणजे माझी ताकद चाकाकडे जायच्या आधी स्प्रिंग दाबण्यात जायची. फ्रेमही मला मोठी होती. हँडल गाठायला पुढे वाकावं लागे. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं आणि येता-जाता पुन्हा तेच. दोन महिन्यांत मान धरली आणि उजवा गुडघा दुखायला लागला. गिअर अडकायला लागले तेव्हा परत गेले, तर सायकलला हात लावणारं माणूसच तिथे नव्हतं. तक्रार लिहून घेतली आणि पुढे काही झालं नाही. पुढचा पावसाळा तिने जिन्याखाली काढला. दिवाळीत निम्म्याहून कमी पैशांत देऊन टाकली.

ब्लाउज रेडिमेड घेतला आणि बाहीत घट्ट झाला तर तो माझ्याकडे येतो, मी शिलाई उसवून देते. सायकलचं तसं नाही. फ्रेम मोठी निघाली तर ती कोणी आत घेऊ शकत नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी दुकानं बघितली. पेठांतली जुनी बघितली, उपनगरांतली नवी चकचकीत बघितली. चांगलं दुकान ओळखायचं तर मांडलेल्या नव्या सायकलींवरून नजर काढून मागच्या बाजूला बघा. तिथे दुरुस्तीचा स्टँड आहे का, भिंतीवर पाने ओळीने टांगलेत का, चाकाची आउट, म्हणजे फिरताना चाक डुलतं ते, काढायचं शिकंजं आहे का, हे बघा. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या जुन्या सायकली. पाच-सात वर्षं चाललेली, सीटचं कव्हर बदललेली, तरी मालकाने याच दुकानात परत आणलेली सायकल दिसली की समजा, इथे माणसं परत येतात. माझ्याकडेही ज्या बाईचे जुने ब्लाउज दुरुस्तीला येतात, तीच नवा कपडा घेऊन येते.

मी जिथून घेतली तो गाळा दहा बाय पंधराचा असेल. आत शिरल्यावर दादांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “रोज कुठून कुठे जाणार?” मग एकामागून एक. वाटेत चढ कुठे लागतो? सामान किती असतं? रात्री सायकल खाली राहणार की जिन्याने वर न्यायची? पूर्वी चालवायची सवय आहे का? दुखतंय का कुठे? आणि मग, “ताई, चालवताना कपडे काय असणार?” हा प्रश्न मला आधी कोणी विचारलाच नव्हता. मी सलवार-कमीज घालते, ओढणी असते. दादांनी तिथेच दोन सायकली बाजूला केल्या, कारण त्यांना चेनकव्हर बसत नव्हतं. बजेट त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं.

त्या दिवशी त्यांनी मला सायकल विकली नाही. तीन सायकलींवर बसवलं, एक फिरवून आणायला दिली आणि म्हणाले, “आज घाई करू नका, मधल्या दिवशी सकाळी या. रविवारी मला तुमच्याकडे बघायला वेळ मिळणार नाही.” हे लक्षात ठेवा. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. आणि शाळा सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस, म्हणजे मे संपून जून लागतो तो काळ, पूर्ण टाळा. तेव्हा प्रत्येक दुकानात लहान मुलांच्या सायकलींची झुंबड असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे कोणी ब्लाउजचं बारीक माप द्यायला आली तर मीसुद्धा गणवेशाच्या ढिगाऱ्यामागून तिच्याकडे नीट बघू शकत नाही.

आता माप. हे माझ्या हातातलं काम, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दुकानात जायच्या आधी घरी एक माप काढून ठेवा: पायाचं आतलं माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पावलांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर. कडक पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला येईल असं धरून, भिंतीला काटकोनात ठेवून वर घट्ट दाबायचं. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करायची आणि जमिनीपासून मोजायची. सलवारीचं माप आम्ही सैल घेतो, इथे सैल घेऊ नका. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, स्टीलची वापरा. माझं माप ७२ सेंटीमीटर आलं, उंची पाच फूट दोन इंच.

या आकड्याचे दोन उपयोग. पहिला फ्रेमसाठी. सायकलचा वरचा दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून उभं राहिलं, तर दांडा आणि शरीर यांत एक ते दोन इंच मोकळी जागा हवी. अचानक उतरावं लागलं तर दांडा लागत नाही. दांडा उतरता असेल तर जास्त जागा राहते, मग या कसोटीवर विसंबू नका, हँडलचा पल्ला बघा. दुसरा उपयोग सीटच्या उंचीसाठी. आतल्या मापाला ०.८८ ने गुणा. ७२ चे साधारण ६३ सेंटीमीटर येतात. पायडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेत, त्या मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीला धरून, एवढं अंतर ठेवायचं. ही कच्ची शिलाई समजा. अंगावर घालून बघितल्यावर पाव-अर्धा इंच इकडे-तिकडे होतंच.

घालून बघायची रीत सोपी आहे. सीटवर बसा, भिंतीला धरा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवड्याने पायडल दाबा, म्हणजे गुडघ्यात हलकासा बाक राहतो. बस्स, हीच उंची. आपल्याकडे बहुतेक बायका सीट इतकी खाली घेतात की बसल्या बसल्या दोन्ही पावलं सपाट टेकावीत. भीती वाटते, मला कळतं, मीही तेच करत होते. पण मग गुडघा कधी सरळच होत नाही आणि दर फेऱ्याला वाकलेल्या गुडघ्यावर जोर येतो. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय आठवड्याभरात होते. सुरुवातीला सीट अर्धा इंच कमी ठेवा, दर आठवड्याला थोडी वाढवत न्या. चांगला दुकानदार हे स्वतःहून सांगतो आणि सीटच्या नळीवर खूणही करून देतो.

हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. हात ताठ झाले तर सायकल लांब आहे. बायकांनी सीटची रुंदीही बघावी. आपली बैठकीची हाडं सहसा पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात आणि नव्या सायकलीबरोबर येणारी सीट बऱ्याचदा अरुंद असते. गुबगुबीत गादी मागू नका, तिच्यात हाडं रुततात आणि अर्ध्या तासात बधिरपणा येतो. पुरेशी रुंद आणि घट्ट सीट मागा. दादांनी जुन्या सीटच्या बदल्यात दुसरी लावून दिली आणि फरकाचे ३०० रुपये घेतले. त्या ३०० रुपयांनी जे सुख दिलं ते सगळ्या सायकलीने दिलं नाही.

प्रकार कुठला घ्यावा, याबद्दल पुण्यापुरतं बोलते. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. माझे वडील काळ्या सायकलवर कामावर जायचे, पुढच्या दांड्यावर मी, मागे कॅरिअरला डबा. त्या सायकली वीस किलोंच्या आसपास असायच्या, गिअर नाही, पण पेठांत आणि लष्कर भागात सपाटीवर उत्तम चालत. आता शहर टेकड्यांवर चढलंय. वारज्याहून चांदणी चौकाकडे निघा, कात्रजकडे जा किंवा बाणेर-पाषाणच्या बाजूला, चढ लागतोच. त्यात खड्डे, गतिरोधक, उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणून रोज जायला-यायला हायब्रिड प्रकारची सायकल मला सगळ्यात योग्य वाटते: सरळ हँडल, मोठी चाकं, मध्यम जाडीचे टायर. टायरच्या कडेला ७०० गुणिले ३५ किंवा ३८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो ३५-३८ आकडा म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. २५-२८ चे बारीक टायर गुळगुळीत रस्त्यावर पळतात, आपल्या खड्ड्यांत रिमखाली चिमटून ट्यूबला चावा बसतो.

शॉकअप घेऊ नका. हे मी स्वतः सोसून सांगतेय. डोंगरातल्या दगडगोट्यांवर चालवायची असेल तर चांगला शॉकअप लागतो आणि तो महाग असतो. पंधरा-वीस हजारांच्या सायकलीला लावलेला शॉकअप म्हणजे नुसतं लोखंडाचं वजन. तेवढ्याच पैशांत साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा बिनस्प्रिंगचा चिमटा, असलेली सायकल घेतली तर वाचलेले पैसे कंपनीने गिअर-ब्रेकमध्ये घातलेले असतात. खड्ड्याचा दणका मध्यम जाडीचा टायर बराचसा पोटात घेतो.

गिअरचंही तेच. पुढे तीन चक्रं, मागे सात, तीन साते एकवीस, असा हिशेब करून सांगतात. पण त्यातल्या बऱ्याच जोड्या जवळजवळ सारख्याच पडतात, आणि पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र एकत्र लावलं तर चेन तिरकी ओढली जाते, म्हणून त्या वापरायच्याही नसतात. पुढे एक आणि मागे सात किंवा आठ असलेली सायकल शहरात पुरते. तार कमी, बिघाड कमी. फक्त मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं आहे ते विचारा. ३२ किंवा ३४ असेल तर चढ निघतो, २८ असेल तर माझ्यासारखीला चांदणी चौकाच्या बाजूला उतरून ढकलावी लागेल.

गिअरवर शिमानो या कंपनीचं स्टिकर दिसलं की माणूस खूश होतो. शिमानोतही पायऱ्या आहेत. या प्रकारच्या सायकलींत टुर्नी सगळ्यात खालची, मग आल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे अशा वर वर. टुर्नी वाईट नाही, माझ्या सायकलीला तीच आहे आणि नीट चालते. पण मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर, एक नाव आणि बाकी सगळे भाग बिननावाचे, असंही असतं. दुकानदाराला सरळ विचारा, “यात कुठला भाग सगळ्यात आधी जाईल?” ज्याला काम येतं तो लगेच बोट ठेवून दाखवतो. दादांनी पायडल दाखवले. “प्लास्टिकचे आहेत, वर्षभराने बदलू.” तेरा महिन्यांनी बदलले.

फ्रेम लोखंडी की अॅल्युमिनियमची, हे रात्री सायकल कुठे राहणार त्यावर ठरवा. तिसऱ्या मजल्यावर चढवायची असेल तर प्रत्येक किलो मोजा. हँडलबिंडलसकट माझी १४ किलोची आहे. खालीच ठेवायची आणि अंतर कमी असेल तर चांगल्या पोलादाची साधी, बिनगिअरची सायकल सहा-आठ हजारांत येते आणि वर्षानुवर्षं चालते. तिला कमी लेखू नका. ब्रेकबद्दल एवढंच की डिस्क ब्रेक पावसात चांगले धरतात, पण स्वस्तातले तारेवरचे डिस्क ब्रेक वरचेवर जुळवून घ्यावे लागतात. रिमवर रबर दाबणारे साधे व्ही-ब्रेक कोणत्याही कोपऱ्यावर दुरुस्त होतात. पावसात रिम ओली असली की ब्रेक जरा उशिरा लागतो, तेवढं अंतर ठेवून चालवायचं.

एक बारीक गोष्ट जी फार उपयोगी पडते, ती म्हणजे हवा भरायचा वॉल्व कुठला आहे. मोटरसायकलसारखा जाड वॉल्व असेल तर पेट्रोल पंपावर, पंक्चरवाल्याकडे, कुठेही हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी नट असलेला असेल तर वेगळा पंप किंवा पितळी जोड लागतो. तो दुकानातूनच मागून घ्या आणि किल्लीच्या जुडग्याला लावून ठेवा. हवा किती भरायची तो आकडा टायरच्या कडेला पीएसआयमध्ये छापलेला असतो. पंक्चरवाल्याला अंगठ्याने दाबून बघू देऊ नका, आकडा सांगा.

सायकल ठरली की ती स्टँडवर लावायला सांगा आणि स्वतः हात लावून बघा. कापड घेताना आपण उजेडात धरून बघतो तसंच. पुढचं चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ रिमकडे टक लावून बघा. रबर आणि रिम यांतली फट सगळ्या फेऱ्यात सारखी राहिली पाहिजे. कमी-जास्त होत असेल तर चाक आउट आहे. दोन-दोन आरे चिमटीत दाबत जा, एखादा ढिला लागला तर दाखवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी खट्‌खट् लागली तर तिथे खेळ आहे. पायडलचे दांडे धरून आडवे हलवा, हलता कामा नयेत. सगळे गिअर वर-खाली फिरवा. मी हे सगळं केलं तेव्हा मागच्या चाकात किंचित आउट होती. दादांनी काही न बोलता चाक शिकंज्यात लावलं, आऱ्याच्या मुळाशी छोटी चावी घातली, पाव फेरा एका बाजूला, पाव फेरा समोरच्या बाजूला, आणि डोळे त्या फटीवर. मी सुईत दोरा ओवताना जसा श्वास धरते तसा त्यांनीही धरला होता. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी सायकल घ्यायचं नक्की केलं.

मग फिरवून आणायची, तीही गल्लीच्या टोकापर्यंत नाही. पंधरा मिनिटं, आणि एक तरी चढ. मी कापडाची पिशवी बरोबर नेली होती, सहा किलोंची. रोज जे न्यायचं ते लादूनच बघायचं. जे दुकान यालाही नाही म्हणतं, तिथून बाहेर पडा.

आता पैशांचं. ऑनलाइन हीच सायकल मला दीड हजारांनी स्वस्त दिसत होती. मी दादांना तसं सांगितलंही. त्यांनी किंमत फारशी उतरवली नाही, पण मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड बसवून दिले आणि वर्षभरात तीन वेळा फुकट सर्व्हिसिंग लिहून दिलं. मला हा व्यवहार योग्य वाटला. किमतीत इतकी घासाघीस करू नये की समोरच्याला आपलं काम करावंसं वाटेनासं होईल. शिलाईत पन्नास रुपये कमी करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं कामही मी मन लावूनच करते, पण एवढासा छोटा दुकानदार रोज पन्नास-पन्नास सोडत राहिला तर दुकान टिकणार कसं, आणि दुकान टिकलं नाही तर दोन वर्षांनी चाकाची आउट कोण काढणार? वस्तूंच्या स्वरूपात मागा: सीट बदलून, पायडल चांगले, पहिल्या सर्व्हिसिंगला तार नवी.

ऑनलाइन घेऊच नये असं नाही. ज्याला जोडणी येते त्याने खुशाल घ्यावी. पण खोक्यात सायकल अर्धवट जोडलेली येते. माझ्या शेजारच्या मुलाने घरीच पाना घेऊन जोडली. त्याला माहीत नव्हतं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट फिरवून घट्ट होतात. त्याने जोर लावून उजव्यासारखंच फिरवलं. दांड्याचे आटे गेले, पायडल तिसऱ्या दिवशी पौड रस्त्यावर निखळून पडलं. मुलगा सुखरूप, फक्त कोपर खरचटलं. दुरुस्तीला दीड हजाराच्या वर गेले.

बिल पक्कं घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, बिलावर तो आकडा बघा. आणि बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. सायकल उलटी केली की पायडलच्या दांड्यांच्या खाली, फ्रेमच्या पोटाला बहुतेक वेळा तो कोरलेला असतो. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. सायकल चोरीला गेली तर ती आपलीच हे सांगायला दुसरं काही नसतं. जुनी सायकल घेणार असाल तर बिलाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. तिच्यामागे कोणाचं तरी रडणं असू शकतं.

कुलूप साखळीचं बारीक नको. यू आकाराचं जाड घ्या आणि ते फ्रेम, चाक आणि एखादा पक्का खांब, तिन्हींतून घाला. मागे लाल दिवा हवाच. पावसाळ्यात संध्याकाळी सहालाही अंधारून येतं आणि मागून येणाऱ्याला काळ्या रेनकोटातली बाई दिसत नाही. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं राहील असं बसवा, कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं काही कामाचं नाही. ओढणीसाठी माझा उपाय: दोन्ही टोकं पाठीवर नेऊन गाठ मारायची आणि गाठ कमीजच्या आत खोचायची. सलवारीला उजव्या पायाशी एक इलॅस्टिकची पट्टी. तशा पट्ट्या मी उरलेल्या कापडातून शिवून देते, पैसे घेत नाही.

सायकल घरी आली म्हणजे झालं असं नाही. पहिल्या महिन्यात तारा आणि आरे आपली जागा धरतात, म्हणून गिअर थोडे चुकायला लागतात. घाबरू नका, पहिल्या सर्व्हिसिंगला नक्की जा. लोक टाळतात, “चालतेय ना” म्हणतात, आणि ढिला आरा पुढच्या आऱ्यावर भार टाकत टाकत चाक वाकवतो.

आणि तेलाचं एक सांगते, कारण हे मलाच सारखं मागतात. शिलाई मशीनचं तेल चेनला घालू नका. ते पातळ असतं, मशीनच्या आत बंद जागेत त्याचं काम. चेनवर ते एका पावसात धुऊन जातं. चेनचं वेगळं तेल मिळतं. आधी चेन फडक्याने कोरडी पुसायची, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर धूळ धरतं. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी तीन आठवड्यांनी. चिंध्या हव्या असतील तर माझ्याकडून न्या, सुती देते, सिंथेटिक पुसत नाही.

चेन कधी बदलायची तेही मोजता येतं. एक पूर्ण कडी, म्हणजे आतली आणि बाहेरची मिळून, बरोबर एक इंचाची असते. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा. १२ कड्यांनंतरची पीन १२ इंचांवर आली पाहिजे. एक-सोळांश इंच पुढे गेली की चेन बदला. वेळेवर बदलली तर काही शेकड्यांत भागतं, नाही तर ती मागची चक्रंही खाते. हे मला दादांनी शिकवलं, त्यांच्या स्टुलावर बसवून, माझ्याच हातात पट्टी देऊन.

कर्वेनगरात सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांनी उभं केलेलं सायकलींचं संग्रहालय आहे. सायकल घ्यायच्या आधी एकदा जाऊन या. जुन्या काळी घंटी, दिवे, सीट किती निगुतीने करत ते बघितलं की दुकानात कशाला हात लावून बघायचं याची नजर तयार होते.

काल एक मुलगी ब्लाउजचं माप द्यायला आली होती. नवी नोकरी, शिवणे भागात खोली घेतलीय, सायकल घ्यायचीय म्हणाली. ब्लाउजचं झाल्यावर तिला भिंतीशी उभं केलं, हातात पॅटर्नचं कडक पुस्तक दिलं आणि दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलं: आतलं माप ७६. उंची पाच पाच. रोज शिवणे ते कोथरूड. खांद्याला लॅपटॉप. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुरुवारी सकाळी अकराच्या आत जाणे. चिठ्ठी दादांना दाखवायची, बाकी ते विचारतीलच.